पंधरा मार्चपुढचं नाव

लिडविनला घरभेद्या कधीच ओळखता आला नाही. सात वर्षांत एकदाही नाही. जानेवारी लागला की शनिवारी संध्याकाळी साडेआठला अर्धं हॉलंड टीव्हीपुढे बसतं, त्यात पाच वर्षांच्या पोरापासून नव्वदीच्या आजीपर्यंत सगळे आले, आणि त्यातल्या कुणाचा तरी अंदाज कधीतरी, चुकून का होईना, बरोबर येतोच. हिचा तेवढाही येत नाही.

आता 'घरभेद्या' म्हणजे तो कार्यक्रम हो. दहा जणांना कुठल्याशा उन्हाच्या देशात नेतात, खेळ लावतात, जिंकतील तशी बक्षिसाची थैली भरत जाते. पण दहातला एक जण कार्यक्रमवाल्यांनी आधीच फोडलेला असतो. त्याचं काम एकच, खेळ बिघडवायचा, आणि तोही असा की बिघडवला हे कुणाच्या ध्यानात येऊ नये. दोर निसटतो, नकाशा भिजतो, किल्ली विहिरीत पडते, आणि सगळे एकमेकांकडे बघत बसतात. जवळजवळ दर आठवड्याला एक जण घरी जातो आणि मार्चच्या मध्यावर नाव फुटतं. तोवर घरोघरी वह्या, पेन्सिली आणि भांडणं.

लिडविनच्या माहेरी ही बैठक जमायची. ट्वेंटे भागातलं गाव, जर्मनीची हद्द सायकलवर वीस मिनिटांवर, बैठं विटांचं घर. वडील बेरेंड, त्र्याहत्तर वर्षांचे, सुतारकामातून निवृत्त झालेले पण शेडमधून न निघणारे. आई दिनी. धाकटा भाऊ टाइस, दुधाचा टँकर चालवणारा. लिडविनची मुलगी मिर्टे, वीस वर्षांची आणि आईपेक्षा चौपट हुशार. आणि लिडविन. माणशी एक कप कॉफी, माणशी एक बिस्कीट, की डब्याचं झाकण बंद. टाइस दरवेळी दुसऱ्या बिस्किटासाठी हात पुढे करायचा आणि दिनी दरवेळी डबा मांडीवर ओढून घ्यायची. ज्याचा अंदाज बरोबर येईल त्याला वर्षभरासाठी मातीचा साळिंदर मिळायचा. टाइसनं तो चौथीत असताना केला होता आणि तो हुबेहूब बटाट्यासारखा दिसायचा. तरी त्याच्यासाठी जीव टाकायचे सगळे.

लिडविनची अडचण ही की ज्याचं वागणं संशयाचं, त्याच्यावर हिचा संशय. ज्याच्या हातून दोर सुटला तोच चोर. मिर्टे तिला समजावून थकली होती. यंदाही पहिल्याच शनिवारी लिडविननं एका धांदरट बेकरीवाल्याचं नाव वहीत लिहिलं, दुसऱ्या शनिवारी खोडलं, तिसरंच लिहिलं. तिच्या पेन्सिलीच्या मागचा रबर टोकापेक्षा आधी झिजायचा.

"आई, जो गोंधळ घालतो तो नसतो गं," मिर्टे म्हणाली. "ती नर्स बघ. सगळ्यांच्या मदतीला धावते. मदतीला धावणाऱ्याचा हात प्रत्येक गोष्टीला लागलेला असतो."

लिडविनला ते काही पटलं नाही. नर्स बिचारी किती चांगली होती.

तर हे झालं टीव्हीतलं. घरातलं सुरू झालं तिसऱ्या शनिवारी, आणि सुरू झालं संडासात.

तिथं घरोघरी संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं. वार नाहीत, वर्ष नाही, नुसत्या तारखा, त्यापुढे नावं, वर्षानुवर्षं तेच. बसल्या बसल्या नजर जाते आणि कुणाचा वाढदिवस विसरला जात नाही. दिनीच्या घरचं कॅलेंडर लिडविनच्या जन्माआधीपासूनचं होतं. त्यात लिहिण्याचा मान फक्त दिनीचा. निळ्या शाईचं पेन, रेखीव अक्षर, नावापुढे कंसात जन्माचं साल. कुणी गेलं की नावापुढे बारीकसा क्रूस. नाव मात्र खोडायचं नाही.

मे महिन्यात बेरेंड आणि दिनीच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. हॉल ठरला होता, आणि सगळं करणार कोण, तर थोरली. लिडविन सहा वर्षांची असल्यापासून हे असंच. टाइसची सायकल पंक्चर झाली, थोरली बघेल. मावशी पडली, थोरलीला फोन करा. पाहुण्यांची यादीसुद्धा थोरलीच करणार, म्हणून त्या शनिवारी कार्यक्रम सुरू होण्याआधी ती वही-पेन्सिल घेऊन संडासात गेली आणि कॅलेंडराची पानं उलटून नावं उतरवू लागली. जानेवारी झाला, फेब्रुवारी झाला. मार्चच्या पानावर पंधरा तारखेपुढे लिहिलं होतं: हेल्मा.

हेल्मा कोण?

घराण्यात हेल्मा नव्हती. शेजारात नव्हती. चर्चच्या गायनमंडळात एक विल्हेल्मिना होती, पण तिला सगळे मीन म्हणायचे आणि तिचा वाढदिवस ऑगस्टात. शिवाय नाव शाईनं नव्हतं. जाड, मऊ पेन्सिलीनं लिहिलेलं, मोठं, जरा तिरकं. पुढे साल नाही. ते अक्षर लिडविन आंधळी असती तरी तिनं ओळखलं असतं. लाकडावर माप टाकायची सुताराची चपटी पेन्सिल, बेरेंडच्या कानावर पन्नास वर्षं असलेली.

ती बाहेर येऊन बसली. टीव्हीत नऊ माणसं एका पुलावरून पोती ओढत होती. लिडविनला काही दिसत नव्हतं. बाबांनी आईच्या कॅलेंडरात एका बाईचं नाव का लिहावं? आणि चोरून लिहायचंच तर संडासात, जिथे दिवसातून पाच वेळा आई बसते? बरं, चोरून नाही म्हणावं तर आईला सांगून का नाही? तिनं बाबांकडे पाहिलं. ते पोत्यांकडे बघत शांतपणे बिस्कीट कुरतडत होते.

इथं एक सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी लिडविनचा नवरा तिला सोडून गेला होता, दुसरीसाठी. त्याच्या फोनवर असंच एक नाव होतं, पुढेमागे काही नसलेलं. ते नाव तिला चार महिने दिसत होतं आणि चार महिने तिनं डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं. तेव्हापासून एकटं नाव कुठे दिसलं की तिला पुढचं सगळं दिसायचं. आताही दिसलं.

पुढच्या गुरुवारी तिनं जे पाहिलं त्यानं तर कहर झाला. लिडविन बाजारचौकातल्या चष्म्यांच्या दुकानात कामाला होती. एका म्हातारबुवांना ती काड्या वाकवून देत होती, तेवढ्यात काचेतून बाबा दिसले. गुरुवार असून दाढी केलेली. बेरेंड शनिवारी दाढी करायचे, चर्चसाठी. इतर दिवशी ती त्यांच्या गालांवर खुशाल वाढायची. अंगात रविवारचा कोट. सायकल भिंतीला टेकवून ते नगरपालिकेत शिरले आणि अर्ध्या तासानं एक लांबट लिफाफा कोटाच्या आत सरकवत बाहेर आले. संध्याकाळी लिडविननं घरी फोन केला. बाबा कुठे होते, म्हणून सहज विचारलं. आई म्हणाली, पत्ते खेळायला गेले होते. पत्त्यांचा अड्डा मंगळवारी असतो, हे त्या गावात कुत्र्यालाही ठाऊक आहे.

चौथ्या शनिवारी ती लवकर गेली आणि थेट शेडमध्ये शिरली. बेरेंड ओकच्या फळीवर वाकले होते, हातात छिन्नी. ती दिसताच त्यांनी फळीवर पोतं टाकलं. पोतं टाकण्याआधी तिला एक अक्षर दिसलं, ताजं कोरलेलं. हेल्मामधलं पहिलं.

"काय करताय?" तिनं विचारलं.

"काही नाही, तुकडा आहे," बेरेंड म्हणाले, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

लिडविननं उभ्या आयुष्यात बाबांना लाजताना पाहिलं नव्हतं. त्या भागातली माणसं बोलण्यापेक्षा काम बरं म्हणणारी. बेरेंडनं लग्नाची मागणी घालतानासुद्धा म्हणे आधी दिनीच्या बापाचं दार दुरुस्त करून दिलं होतं. असा माणूस एका बाईचं नाव ओकमध्ये कोरतो म्हणजे प्रकरण किती खोल गेलं असेल! लिडविनला चीड आली, मग बाबांची कीव आली, मग आपल्यालाच वेड लागलंय की काय असं वाटलं. त्र्याहत्तर वर्षं. दोन्ही गुडघे गेलेले. कुठून सुचतं यांना?

विचारावं? पण विचारलं तर ते हो म्हणाले तर? मग मे महिन्यातला हॉल, शंभर पाहुणे, तिनं स्वतः रचायला घेतलेलं ते गाणं, ओळखीच्या चालीवर, सगळ्यांनी कागद हातात धरून म्हणायचं. त्यात दुसऱ्याच कडव्यात ओळ होती, 'पन्नास वर्षं, दोन लेकरं, आणि एकही खिळा वाकडा नाही.' ते गाणं कुणापुढे म्हणायचं? आणि आई? लिडविनचा स्वतःचा संसार मोडला तेव्हा ती चाळीस वर्षांची होती, तरी वर्षभर उठता येत नव्हतं तिला. आई एकाहत्तरची.

आणि आईला कळणारच होतं. एक मार्चला पान उलटलं जाणार, आणि मार्चच्या पानावर ते नाव ठसठशीत. एवढं एकच तिला या गोंधळात स्पष्ट दिसत होतं. पान उलटायच्या आत काहीतरी करायला हवं, आणि करायचं तर थोरलीनंच.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी टीव्हीत त्या नर्सनं कुणाचा तरी पाय मुरगळला म्हणून खेळ थांबवला, आणि वेळ संपली. मिर्टेनं वहीत जोरात रेघ मारली. लिडविन उठली, संडासात गेली, कडी लावली, मार्चचं पान वर केलं आणि पेन्सिलीच्या मागच्या रबरानं हेल्माला पुसून टाकलं. रबर फार उरला नव्हता, त्याच्याभोवतीचा पत्रा कागदाला घासत होता. तिनं वरून फुंकर मारली, कण झटकले, उगाचच पाणी सोडलं. परत आली तेव्हा छातीवरचा धोंडा जरासा हलला होता.

पुढच्या शनिवारी नाव परत होतं.

आता आणखी ठळक. त्याच जागी, त्याच पेन्सिलीनं, दाबून. लिडविन झाकणावर बसूनच राहिली. म्हणजे बाबांनी पाहिलं की पुसलंय, आणि तरी पुन्हा लिहिलं? कुणासाठी? आईनं वाचावं म्हणूनच का? स्वतःच्या तोंडानं सांगायची हिंमत नाही म्हणून कॅलेंडरातून सांगणार? तिला तर आता काहीच सुचेना, फक्त इतकं वाटलं की हे क्रूर आहे, आणि बाबा क्रूर नाहीत, मग हे काय आहे? बाहेरून टाइसनं दार वाजवलं, "ताई, तिथं मुक्काम आहे का?" तिनं घाईघाईनं पुन्हा पुसलं. या वेळी कागदाला लव फुटली, रबर आरपार जायचाच राहिला.

तिसऱ्यांदा नाव आलं नाही.

आलं नाही, तेव्हा खरं तर लिडविननं सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. पण घरात काहीतरी बिनसलं. बेरेंड शेडमध्ये जाईनासे झाले. गुरुवारी दाढी नाही, शनिवारीही नाही. खिडकीत बसून ते रस्त्याकडे बघत आणि टीव्ही लागला तरी खुर्ची वळवत नसत. दिनी तर आणखी विचित्र. एका शनिवारी तिनं डबा झाकण न लावताच टेबलावर ठेवला. टाइसनं दुसरं बिस्कीट घेतलं, तिसरं घेतलं, आणि मग त्यालाच कसंतरी झालं आणि त्यानं चौथं परत ठेवलं.

लिडविन कप विसळायला आईमागून स्वयंपाकघरात गेली. दिनी नळाशी पाठमोरी उभी होती.

"बाबांनी तुला काही सांगितलं का गं?" दिनीनं विचारलं.

"कशाबद्दल?"

"काहीतरी. काहीही."

"नाही."

"मग राहू दे," दिनी म्हणाली. "मला वाटलं होतं, यंदा बोलेल. वाटतं आपलं माणसाला."

म्हणजे आईला ठाऊक आहे. ठाऊक आहे आणि ती वाट बघते आहे की यानं कबूल करावं! किती दिवसांपासून? किती वर्षांपासून? मग आपण पुसलं ते कुणाला वाचवायला? दोघी गाडीतून घरी निघाल्या. मिर्टेनं विचारलं, तुझा संशय आता कुणावर आहे? लिडविन म्हणाली, मला काही म्हणजे काही कळेनासं झालंय. मिर्टेला वाटलं, कार्यक्रमाबद्दलच बोलते आहे.

एक मार्चला पान उलटलं. पंधरा तारखेपुढे कोरी जागा, किंचित खरखरीत.

अंतिम भाग आला तो नेमका पंधरा मार्चला. लिडविन जायलाच नको म्हणत होती. पण न जाण्याला कारण काय देणार? गेली. साडेआठला सगळे आपापल्या जागी. पडद्यावर तिघे उरले होते, नर्स, बेकरीवाला आणि एक दाढीवाला मास्तर. मिर्टेच्या वहीत नर्स, टाइसच्या वहीत मास्तर. लिडविनच्या वहीत पान भरून खाडाखोड.

कॉफी आणायला गेलेली दिनी बराच वेळ आली नाही. आली ती मोठा ट्रे घेऊन. त्यावर पाच बशा होत्या, आणि बशांत गोल टोस्ट, लोणी लावलेले, वर बडीशेपेच्या साखरगोळ्या. गुलाबी आणि पांढऱ्या.

हे टोस्ट तिकडे एकाच वेळी करतात, घरात मूल जन्मलं की. मुलगा असेल तर निळ्या गोळ्या, मुलगी असेल तर गुलाबी. बाकी कधी कुणी खात नाही.

टाइसनं टोस्टकडे पाहिलं, मग मिर्टेकडे. लिडविननंही पाहिलं. मिर्टे ताडकन उभी राहिली. "माझ्याकडे काय बघता? मी काही केलेलं नाही."

"बस गं," दिनी म्हणाली. ट्रे तिनं टेबलावर ठेवला, पण तिचे हात तो सोडेनात. "आज पंधरा तारीख आहे. हे हेल्माचे आहेत. ती माझी पहिली मुलगी. एकोणपन्नास वर्षं झाली आज. मेलेलीच जन्मली. तेव्हा हे कुणी वाटले नाहीत, मी आज वाटते आहे. बेरेंडला नको असेल तर त्यानं खाऊ नये."

टीव्हीचा आवाज चालूच होता. कुणालाच तो बंद करायचं सुचलं नाही.

मग दिनीनं सांगितलं, थांबत थांबत, जसं आठवेल तसं. लग्नानंतरच्या पहिल्या मार्चमध्ये. बाळ तिला दाखवलंसुद्धा नाही, कापडात गुंडाळून नेलं. डॉक्टर म्हणाले, विचारत बसू नका, विसरा, दुसरं होईल. बाप्तिस्मा नाही म्हणून चर्चच्या आवारात जागा नाही. बेरेंडकडे एक पेटी दिली आणि पुरून या म्हणाले, आणि बायकोला जागा सांगू नका, त्रास होईल. त्यानं सांगितली नाही. तिनं विचारली नाही. हेल्मा हे नाव दोघांनी आधीच ठरवलं होतं. ते नंतर या घरात एकदाही कुणी उच्चारलं नाही.

"जानेवारीत मी शुभेच्छापत्रं लिहायला पानं चाळत होते," दिनी म्हणाली, "आणि मला तिचं नाव दिसलं. तुझ्या हातचं. मला एवढं... मी रोज उठून बघत होते. मला वाटलं, आता बोलशील. आणि मग तू ते पुसून टाकलंस."

बेरेंडनं खुर्ची वळवली. चेहरा पांढराफटक.

"मी?" ते म्हणाले. "मला वाटलं तू पुसलंस. तुला नको आहे, असं वाटलं मला. तरी मी परत लिहिलं. परत पुसलं गेलं. मग मी म्हटलं, झालं, मला उत्तर मिळालं."

"मी हात लावला नाही, बेरेंड."

"मीही नाही."

बेरेंड उठले, कपाटातून तो लांबट लिफाफा काढला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. मृत जन्मलेल्या मुलांची नावंही आता सरकारदरबारी नोंदवून मिळतात, कितीही वर्षं उलटली तरी. हे त्यांना पत्त्यांच्या अड्ड्यावर कळलं होतं. कागदावर दोघांची नावं होती आणि खाली मुलं, एकाखाली एक, तीन. फळी पण तयार आहे, ते म्हणाले. चर्चच्या मागच्या कुंपणापाशी लावायची. तिथे ते सगळी वर्षं गवत काढत आलेत. पत्ते खेळायला गेलो म्हणायचे.

दिनीनं कागदावरून बोट फिरवलं आणि ते बोट तसंच ठेवून रडू लागली.

"एक मिनिट," टाइस म्हणाला. बिचाऱ्याचं डोकं अजून मागेच अडकलं होतं. "तुम्ही दोघांनी पुसलं नाही, मग पुसलं कुणी?"

सात वर्षांत पहिल्यांदाच लिडविनला उत्तर ठाऊक होतं.

गप्प बसता आलं असतं. खोलीत कुणाचाही तिच्यावर संशय नव्हता. मिर्टे तर रडत होती. पण तिच्या मांडीवर ती पेन्सिल होती, मागचा रबर पार पत्र्यापर्यंत झिजलेली. एकोणपन्नास वर्षांनी यांनी पहिला शब्द काढला होता, आणि तो दोनदा तिनं फुंकर मारून संडासाच्या फरशीवर झटकला होता.

"मी," ती म्हणाली.

सगळे वळले.

"दोन्ही वेळा मीच. मला वाटलं बाबांची कुणी... मला वाटलं, आईला कळू नये. पान उलटायच्या आत. मला वाटलं मी वाचवते आहे." तिनं पेन्सिल टेबलावर ठेवली.

बेरेंडना समजायलाच वेळ लागला. "माझी कुणी?" ते म्हणाले. त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. "या गुडघ्यांवर?"

दिनीच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. ती हसत होती. रडता रडता हसत होती, आणि लिडविनला ते रडण्यापेक्षा जास्त लागलं. पण हसणं ओसरलं तेव्हा दिनीच्या चेहऱ्यावर राग होता, सरळ, उघडा राग.

"सहा आठवडे," ती म्हणाली. "सहा आठवडे मी या माणसाशेजारी पाठ करून झोपले. विचारता येत नव्हतं तुला?"

"तुम्हाला येत होतं का?" लिडविन म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं, हे बोलायला नको होतं.

मग दिनीनं टेबलाच्या खणातून निळं पेन काढलं. आयुष्यात ते तिनं कुणाच्या हातात दिलं नव्हतं.

"तू पुसलंस ना? मग तूच लिही."

"आई, तुझं अक्षर..."

"तूच लिही."

तेवढ्याशा संडासात एकच माणूस मावतं. लिडविन आत, बाकीचे बोळात. टीव्हीत टाळ्यांचा गडगडाट झाला, कुणाचं तरी नाव फुटलं. मिर्टेची मान किंचित वळली आणि परत सरळ झाली. ती नर्स होती का बेकरीवाला, हे त्या घरात दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून कळलं. नर्सच होती.

लिडविननं कॅलेंडर दारावरून काढून गुडघ्यावर घेतलं. घासून घासून कागद पातळ झाला होता. पेन टेकवलं तशी शाई कडेनं पसरली, म्हणून तिनं हळूहळू लिहिलं, अक्षर अक्षर सुटं.

"कंसात साल," बेरेंड दाराबाहेरून म्हणाले. "एकोणीसशे शहात्तर. आणि पुढे क्रूस. बारीक."

तिनं साल घातलं. क्रूस काढला. अक्षर वाकडंच आलं, आणि शाई वाळेपर्यंत पान तसंच धरून ठेवायला हवं होतं. खालची पानं सुटून जूनचं पान डोकावत होतं. त्यावर आईच्या रेखीव अक्षरात तिचं स्वतःचं नाव, कंसात अठ्ठ्याहत्तर. त्याकडे ती बघत राहिली. थोरली बघेल, थोरलीला सांगा, थोरली करेल. एवढी वर्षं ती दुसऱ्या कुणाच्या तरी जागेवर उभी होती आणि कुणी तिला सांगितलं नव्हतं. तिला हायसं वाटलं की पोरकं, हे तिचं तिलाही कळेना.

बोळात टाइस नाक शिंकरत होता. त्याच्यामागून दिनीचा आवाज आला, आता पुष्कळसा नेहमीसारखा.

"थोरलीचं लिहून झालं असेल तर या सगळे बाहेर. टोस्ट मऊ पडतायत."